अंगणातला किल्ला का तडकतो?

प्रश्न : आम्ही शाळेच्या अंगणात तिसरी-चौथीच्या मुलांकडून दिवाळीचा किल्ला करून घेतो. दोन दिवसांत भेगा पडतात आणि अळीवही नीट उगवत नाहीत. काय चुकतं?

उत्तर : माती बहुधा नुसती काळी असावी. ती ओली असताना फुगते, वाळताना आकसते. म्हणून तडे जातात. दोन घमेली लाल मातीला एक घमेलं काळी आणि एक घमेलं बारीक वाळू घ्या. दगड-विटांच्या सांगाड्यावर चिखलाच्या राबड्यात बुडवलेलं गोणपाट अंथरा, त्यावर दोन बोटं जाडीचाच थर द्या. जाड थर वरून सुकतो, आत ओलाच राहतो आणि फुटतो.

अळीव मातीत पुरू नका. तासभर भिजवले की ते बुळबुळीत होतात आणि उतारालाही चिकटून राहतात. लक्ष्मीपूजनाच्या पाच-सहा दिवस आधी ओल्या मातीवर पसरा. पाणी फवाऱ्यानेच द्या. तांब्याने ओतलं की बी वाहून पायथ्याशी गोळा होतं.

एक आग्रहाची विनंती : नकाशा मुलांनाच काढू द्या. राजगड निवडला तर बालेकिल्ला आणि पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या कुठे बसवायच्या, पाण्याची टाकी कुठे खोदायची, यावर त्यांना मनसोक्त भांडू द्या. बुरूज वाकडा झाला तरी मोठ्यांनी हात लावू नये.