एकदा फुटलेला फुगा पुन्हा का फुटतो?

प्रश्न : डॉक्टर, बाबांच्या (वय ५८) मेंदूतला अ‍ॅन्युरिझम (रक्तवाहिनीला आलेला फुगा) फुटला, जागेवरच बेशुद्ध पडले. हॉस्पिटलात नेल्यावर जरा शुद्धीवर आले होते, दुसऱ्या दिवशी कॉइलिंग (फुग्यात बारीक तार भरून तो बंद करणं) ठरलं होतं पण त्याच रात्री परत ब्लीडिंग झालं. आता घरी आलेत, हळूहळू चालतात. फुगा १२ मिमीचा होता. आठवडाभर आधी त्यांचं डोकं भयंकर दुखलेलं, मी पेनकिलर दिली होती, भाऊ म्हणतो तिथेच चुकलं. खरंच माझ्यामुळे झालं का? आणि आता परत फुटेल का?

उत्तर : ताई, आधी हे मनातून काढा. असं अचानक, आयुष्यात कधी नव्हतं इतकं डोकं दुखणं ही कधीकधी फुग्यातून थोडं रक्त झिरपल्याची खूण असते हे खरंय, पण ते घरी बसून कोणाला कळणार, पहिल्या तपासणीत डॉक्टरांच्याही नजरेतून सुटतं.

फुगा फुटला की भोकावर रक्ताची गुठळी बसते आणि तेवढ्यावरच सगळं थांबलेलं असतं. ही गुठळी कच्ची असते म्हणून पहिले २४ तास सगळ्यात धोक्याचे, त्यातही सुरुवातीचे काही तास. तुमच्या बाबांच्या बाबतीत धोका वाढवणाऱ्या बऱ्याच गोष्टी एकत्र आल्या होत्या, फुगा १० मिमीपेक्षा मोठा, फुटताक्षणी शुद्ध हरपली, आणि आधीची ती डोकेदुखीही त्यातच धरतात. शिवाय बीपी खूप चढलेलं असणं, मेंदूच्या पोकळ्यांमध्ये रक्त उतरलेलं असणं, पेशंटची अवस्था मुळात वाईट असणं, यानेही धोका वाढतो.

म्हणून तर आयसीयूत एवढी बंधनं. वरचं बीपी बऱ्याच ठिकाणी १६०च्या खाली ठेवतात, पण फार पाडतही नाहीत, नाहीतर मेंदूला रक्त कमी पडतं. जोर लावावा लागू नये म्हणून पोट साफ व्हायचं औषध, उलटी थांबवायचं औषध. डोक्यातलं पाणी काढायला नळी घातली असेल तर सिस्टर तिची उंची पुन्हापुन्हा तपासतात, कारण पाणी भसकन निघून गेलं तर बाहेरचा दाब एकदम उतरतो आणि फुग्याच्या भिंतीवर आतून ताण येतो. हे सगळं केलं तरी धोका शून्य होत नाही. खरा उपाय एकच, फुगा लवकरात लवकर बंद करणं, क्लिपने (बाहेरून चिमटा लावून) किंवा कॉइलने, शक्यतो २४ तासांच्या आत. गुठळी विरघळू न देणारं ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड लवकर देऊन पाहिलं होतं, २०२१ साली आलेल्या मोठ्या अभ्यासात पेशंट त्याने जास्त बरे झाले असं दिसलं नाही.

आता पुढचं. फुगा नीट बंद झाला असेल तर पुन्हा फुटायची शक्यता बरीच कमी. मात्र कॉइल कधीकधी दबून बसते आणि फुग्याच्या तोंडाशी परत जागा होते, म्हणून सांगितलेल्या तारखेला अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांची तपासणी) कराच, बाबा ठणठणीत दिसले तरीही. सिगारेट असेल तर आजपासून पूर्ण बंद, बीपीची गोळी चुकवायची नाही, कारण सिगारेट आणि चढलेलं बीपी या दोन्हींमुळे नवा फुगाही येऊ शकतो. आणि घरात आईवडील, भावंडं, मुलं यांच्यापैकी आणखी कोणाला हाच त्रास झाला असेल तर तुम्ही दोघं बहीणभाऊही न्यूरोसर्जनला विचारून एकदा तपासणी करून घ्या.