संस्थेचा अहवाल संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला करायचा असेल, तर त्यामागची माहिती कशी तयार करावी?

आपला प्रश्न मला असा समजला : इंदुरातील एक मराठी न्यास शालेय आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतो. गेल्या काही वर्षांच्या वाटपाचा अहवाल आपण पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या अहवाल तयार करण्याच्या साधनात तयार केला आहे. देणगीदारांनी आणि समाजातील कोणीही लॉगिन न करता तो संस्थेच्या संकेतस्थळावर पाहावा आणि वर्ष, इयत्ता व वस्ती निवडून आकडे चाळावेत, अशी विश्वस्तांची इच्छा आहे. त्यासाठी त्यातील ‘पब्लिश टू वेब’ हा अहवाल सर्वांसाठी खुला करणारा पर्याय वापरावा की नाही, हे आपल्याला ठरवायचे आहे.

मी इंदुरातच संस्थांसाठी आणि दवाखान्यांसाठी असे अहवाल तयार करतो. हा पर्याय अवश्य वापरावा, पण आज ज्या फाईलवर आपला अहवाल उभा आहे, त्या फाईलवरून तो प्रसिद्ध करू नये, असे माझे मत आहे. जाहीर अहवालासाठी एक वेगळी, लहान आणि आधीच बेरजा करून ठेवलेली फाईल तयार करावी व अहवाल तिच्यावर नव्याने बांधावा. साधन कोणते वापरायचे, हा प्रश्न त्यानंतरचा आहे आणि तुलनेने सोपा आहे.

याचे कारण त्या पर्यायाच्या रचनेत आहे. ‘पब्लिश टू वेब’ केल्यावर पॉवर बीआय एक दुवा आणि संकेतस्थळात चिकटवण्यासाठी आयफ्रेमचा, म्हणजे आपल्या पानावरच्या चौकटीत तो अहवाल दाखवणारा, कोड देते. तो दुवा ज्याच्या हाती पडेल, त्याला कोणत्याही ओळखीशिवाय अहवाल उघडता येतो. मायक्रोसॉफ्टच्या सूचनांमध्येच असे स्पष्ट म्हटले आहे की, अहवालात बेरीज करून दाखवलेल्या आकड्यांमागची तपशीलवार माहितीदेखील पाहणाऱ्याच्या हाती लागू शकते. पडद्यावर फक्त स्तंभालेख दिसत असला, तरी वाचक फिल्टर बदलतो तेव्हा त्याचा ब्राउझर मागच्या माहितीसाठ्याकडे नवी विचारणा पाठवतो आणि तांत्रिक जाण असलेल्या व्यक्तीला त्या विचारणेचे स्वरूप बदलता येते. म्हणून रकाना ‘हाइड’ केला, पान लपवले किंवा नावांचा तक्ता अहवालातून काढून टाकला, एवढ्याने ती माहिती सुरक्षित होत नाही. ती फाईलमध्ये आहे तोवर प्रसिद्ध झालेलीच समजावी. कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात हे ठरवणारी ‘रो-लेव्हल सिक्युरिटी’ लावून हा प्रश्न सोडवू, असे कोणी सुचवले तर तो मार्गही बंद आहे, कारण ती लावलेला अहवाल ‘पब्लिश टू वेब’ने प्रसिद्ध करताच येत नाही. पॉवर बीआयमधला ‘सुरक्षित एम्बेड’ हा अहवाल संकेतस्थळात बसवण्याचा वेगळा पर्याय पाहणाऱ्याकडे लॉगिन आणि परवाना मागतो, त्यामुळे आपल्या देणगीदारांसाठी तो निरुपयोगी आहे.

नावे आणि मोबाइल क्रमांक काढून टाकले की काम झाले, असे अनेकांना वाटते. माझ्या मते खरी अडचण तिथूनच सुरू होते. छापील वार्षिक अहवालात कोणते तक्ते द्यायचे ते विश्वस्त ठरवतात, आणि वाचक तेवढेच वाचतो. फिल्टर असलेल्या अहवालात मात्र माहितीचे तुकडे कसे पाडायचे ते वाचक ठरवतो. त्याने २०२२-२३, अकरावी, मुली आणि राजेंद्र नगर हे चार फिल्टर लावले आणि समोर ‘लाभार्थी १, रक्कम १८,००० रुपये’ असे आले, तर नाव नसले तरी ती मुलगी कोण हे त्या वस्तीतल्या ओळखीच्यांना सांगावे लागणार नाही. इंदुरातला मराठी समाज रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर अशा वस्त्यांतून एकमेकांना चांगला ओळखतो. कोणाच्या घरी अकरावीतली मुलगी आहे, हे शेजाऱ्यांना ठाऊक असते. त्या मुलीच्या वडिलांनी अर्ज करताना घरची अडचण विश्वस्तांना सांगितलेली असते, सगळ्या वस्तीला नव्हे.

हे नुसते अनुमान नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे काढून अभ्यासकांना उपलब्ध करून दिल्या होत्या. १९९७ च्या सुमारास लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने २० डॉलरला मतदारयादी विकत घेतली आणि पिनकोड, जन्मतारीख व लिंग एवढ्या तीन गोष्टी जुळवून राज्याचे तत्कालीन गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्याच नोंदी शोधून काढल्या. पुढे २००० मध्ये त्यांनी दाखवून दिले की, १९९० च्या जनगणनेचा आधार घेतल्यास याच तीन गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखता येण्याची शक्यता आहे. आपल्याकडे मतदारयाद्या निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळांवर खुल्या असतात आणि त्यांत नाव, वय, लिंग व घर क्रमांक असतो. शिवाय आपले बहुतेक लाभार्थी अल्पवयीन असणार. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे आणि तिच्या माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक धरली आहे. एकेका विद्यार्थ्याची नोंद जाहीर फाईलमध्ये अजिबात न ठेवणे, हा मला यातला सर्वांत सरळ मार्ग वाटतो.

आता ती लहान फाईल कशी तयार करावी, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण कामाचा मोठा भाग हाच आहे. प्रथम विश्वस्तांबरोबर बसून वाचकाला कोणते प्रश्न विचारता यावेत ते ठरवावे. दरवर्षी किती रक्कम वाटली, कोणत्या शैक्षणिक टप्प्यावर वाटली, मागणी किती होती आणि किती अर्ज मान्य झाले, शहराच्या कोणत्या भागातून अर्ज येतात, एवढे प्रश्न देणगीदाराला सहसा पुरतात. मग वर्ष आणि टप्पा यांचा एक तक्ता करावा, वर्ष आणि भाग यांचा दुसरा करावा, आणि हे दोन तक्ते एकमेकांशी जोडू नयेत. टप्पा आणि भाग एकत्र निवडण्याची सोय राहत नाही, पण त्या सोयीतूनच एकट्या विद्यार्थ्यापर्यंत पोचता येते.

लहान आकड्यांसाठी एक किमान मर्यादा ठरवावी. अमेरिकेत मेडिकेअर व मेडिकेड या सरकारी आरोग्यविमा योजना चालवणाऱ्या केंद्राचा नियम असा आहे की, १ ते १० पर्यंतची संख्या कोणत्याही तक्त्यात उघड करायची नाही. शिष्यवृत्तीसारख्या विषयात मीही ११ हीच किमान मर्यादा सुचवतो. मात्र लहान आकडा झाकताना वजाबाकीकडे लक्ष ठेवावे लागते. समजा एका वर्षी एकूण लाभार्थी ४० आहेत, रामबागचे १४, लोकमान्य नगरचे १२, सुदामा नगरचे ११, आणि राजेंद्र नगरच्या जागी आपण तारांकन ठेवले आहे. कोणीही ४० मधून ३७ वजा करून तिथले तीन विद्यार्थी मोजू शकेल. म्हणून तारांकन ठेवण्यापेक्षा सुदामा नगर आणि राजेंद्र नगर यांचा एकच गट करून १४ हा आकडा दाखवावा. बेरीज जुळते, वाचकाला रिकामी जागा दिसत नाही आणि कोणी उघडे पडत नाही.

हीच वजाबाकी काळाच्या बाबतीतही होते, आणि तिच्याकडे फार जणांचे लक्ष जात नाही. अहवाल दर आठवड्याला आपोआप अद्ययावत होत असेल, तर गेल्या आठवड्यात एखाद्या गटात १५ लाभार्थी होते आणि आज १६ आहेत, एवढ्यावरून नव्या विद्यार्थ्याला मिळालेली नेमकी रक्कम दोन बेरजांच्या फरकातून कळते. त्यामुळे चालू वर्षाचे आकडे वाटप पूर्ण झाल्यावर एकदाच घालावेत, असे मी आग्रहाने सांगेन. शिष्यवृत्तीच्या अहवालाला तासातासाच्या ताजेपणाची गरज नसते. शिवाय असे केल्याने संस्थेच्या संगणकावरील एक्सेल फाईल क्लाउडशी सतत जोडून ठेवणाऱ्या गेटवेची व्यवस्थाही टळते. फाईल वर्षातून एकदा बदलली की पुरते. मात्र बदल केल्यावर लगेच जुनेच आकडे दिसले तर घाबरू नये. सार्वजनिक अहवालाची प्रत साठवून ठेवलेली असते आणि ती बदलायला सुमारे एक तास लागू शकतो.

बेरजांची फाईल करताना सरासरी साठवू नये; रकमेची बेरीज आणि लाभार्थ्यांची संख्या असे दोन रकाने ठेवून सरासरी अहवालातच काढावी. शालेय टप्प्यावर ३० विद्यार्थ्यांना सरासरी ५,००० रुपये आणि महाविद्यालयीन टप्प्यावर १५ विद्यार्थ्यांना सरासरी २०,००० रुपये मिळाले असतील, तर दोन्ही मिळून खरी सरासरी १०,००० रुपये येते. दोन सरासऱ्यांची सरासरी काढणारा अहवाल मात्र १२,५०० दाखवेल. दुसरी बाब म्हणजे एकाच विद्यार्थ्याला सलग तीन वर्षे मदत मिळाली असेल, तर तीन वर्षांच्या संख्यांच्या बेरजेत तो तीनदा मोजला जातो. म्हणून त्या रकान्याला ‘विद्यार्थी’ न म्हणता ‘मंजूर शिष्यवृत्त्या’ म्हणावे आणि वेगवेगळ्या विद्यार्थ्यांची एकूण संख्या हवी असल्यास ती मूळ नोंदींवरून काढून स्वतंत्रपणे द्यावी. देणगीदार हिशेबाचे पक्के असतात आणि ही विसंगती त्यांच्या लक्षात येते.

साधनाबद्दल थोडक्यात सांगतो. पॉवर बीआयसाठी संस्थेच्या किंवा शैक्षणिक डोमेनचा ईमेल लागतो, जीमेल चालत नाही. शिवाय अनेक ठिकाणी ‘पब्लिश टू वेब’ची परवानगी प्रशासकाने बंद ठेवलेली असते व ती मागून घ्यावी लागते. न्यासाकडे केवळ जीमेल असेल तर गूगलचे लुकर स्टुडिओ हे अहवालाचे साधन सोयीचे आहे. त्यात माहितीच्या स्रोताला मालकाचे अधिकार दिले की वाचकाला मूळ गूगल शीटचा दुवा न देताही अहवाल दिसतो. मूळ शीटच ‘दुवा असलेल्या सर्वांसाठी’ खुले करून ठेवण्याची घाई कृपया करू नये. तशी शीट्स मी इथल्या संस्थांच्या संकेतस्थळांवर पाहिली आहेत आणि त्यांत पालकांचे उत्पन्नही होते. टॅब्लो पब्लिक मोफत आणि देखणे आहे, पण त्यावर ठेवलेली प्रत्येक गोष्ट मुळातच सार्वजनिक असते. दोन-तीन आलेखच दाखवायचे असतील, तर मी डेटारॅपर या आलेख काढण्याच्या साधनाला पसंती देईन, कारण तो मोबाइलवर लवकर उघडतो. यांपैकी कोणतेही साधन घेतले तरी लहान फाईलचा नियम बदलत नाही.

इंदुरात हमखास येणारी एक अडचण इथे नोंदवतो. आपल्या जुन्या एक्सेल फाईलींमध्ये वस्त्यांची आणि शाळांची नावे कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली असतील, तर संगणकावर ती व्यवस्थित दिसतील आणि संकेतस्थळावर मात्र निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटेल. फाईल तयार करतानाच ती युनिकोडमध्ये रूपांतरित करावीत आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे व रफार डोळ्यांनी तपासावेत, कारण चुका तिथेच राहतात. रकमांची मांडणी लाख-कोटींच्या स्वल्पविरामांनी करावी; १२,५०,००० हा आकडा १,२५०,००० असा दिसला तर आपल्या वाचकाला अडखळायला होते. शीर्षके मराठीत ठेवून त्यांखाली हिंदीही द्यावे, कारण इथल्या मराठी घरांतील तरुण पिढीचे वाचन बरेचसे हिंदीतून होते.

आयफ्रेमच्या खाली त्याच आकड्यांचा एक साधा तक्ता आणि चार-पाच वाक्यांचा सारांश पानावर थेट लिहावा. आयफ्रेममधील मजकूर शोधयंत्रे आपल्या पानाचा भाग म्हणून वाचतीलच असे नाही, पडदा वाचून दाखवणारी साधने वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकांना आलेख पुरेसे पडत नाहीत, आणि जुन्या मोबाइलवर अहवाल उघडलाच नाही तरी तक्ता दिसतो. आकडे कोणत्या तारखेपर्यंतचे आहेत, हेही तिथेच लिहावे.

प्रकाशनाचे खाते न्यासाच्या नावाने असावे, एखाद्या स्वयंसेवकाच्या नावाने नको. तो नोकरीनिमित्त पुण्याला गेला आणि त्याचे खाते बंद झाले, तर संकेतस्थळावर रिकामी चौकट उरेल. पॉवर बीआयमध्ये ‘मॅनेज एम्बेड कोड्स’ हे पान कुठे आहे, ते किमान दोन विश्वस्तांना दाखवून ठेवावे. तिथून कोड काढून टाकला की जाहीर दुवा बंद होतो. मात्र तोवर कोणी घेतलेली प्रत परत घेता येत नाही. जुना, तपशीलवार नोंदींवरचा अहवाल आपण चाचणी म्हणून आधीच प्रसिद्ध केला असेल, तर त्याचा कोड आजच काढावा आणि नंतर नव्या फाईलच्या कामाला लागावे.

आपल्या मूळ तक्त्यातील रकान्यांची फक्त नावे, एकही नोंद न देता, इथे लिहिलीत तर कोणते रकाने जाहीर फाईलमध्ये घ्यावेत आणि कोणते गट एकत्र करावेत, हे मी नेमकेपणाने सांगू शकेन.