नववीतल्या मुलीला महायुद्ध माहीत नाही? आधी वळिवड्याला घेऊन जा

ताई, तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं, मग जरा गप्प झालो. मुलगी नववीत, शाळा कोल्हापुरातलीच, मार्क चांगले. जेवताना तुम्ही सहज विचारलंत, दुसरं महायुद्ध कुणाकुणात झालं? तर म्हणाली, "हिटलर आणि अमेरिका. मग अमेरिकेनं जपानवर बॉम्ब टाकला." मध्येच जपान कुठून आला, ते सांगता येईना. भारत त्यात होता का, तर "तेव्हा आपण गुलाम होतो, आपला काय संबंध?" आता तुम्हाला प्रश्न पडलाय की हल्लीच्या मुलांना एवढं साधं कसं येत नाही, आणि इतिहासाला शिकवणी लावावी का.

मी ३१ वर्षं माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला, आता निवृत्त आहे. म्हणून थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

"आमच्या वेळी असं नव्हतं" हे वाक्य तेवढं मागे घ्या. आपल्या वेळी पहिल्या महायुद्धाचं तात्कालिक कारण शेवटच्या बाकावरचाही धडाधड सांगायचा: २८ जून १९१४, साराजेव्हो, ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून. त्यालाच साराजेव्हो नकाशात दाखव म्हटलं की पट्टी हातात घेऊन पुतळा. कारणे पाच, परिणाम सहा, व्हर्सायच्या तहाची कलमे, आणि पेपर झाला की वही रद्दीत. तुमच्या मुलीला निदान जपान मध्येच आल्यासारखा वाटतोय. आपल्याला तेवढंही वाटलं नव्हतं.

पुस्तकाचं म्हणाल तर मी गेली काही वर्षं वापरात असलेल्या राज्य मंडळाच्या पुस्तकांबद्दल बोलतोय. नववीत महायुद्ध भेटतं ते राज्यशास्त्राच्या पहिल्या धड्यात, तेही महायुद्धोत्तर घडामोडींची पूर्वपीठिका म्हणून, घाईघाईत. दहावीच्या इतिहासात इतिहासलेखन आहे, उपयोजित इतिहास आहे, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन आहे. विषय वाईट नाहीत, पण महायुद्ध त्यात नाही. बारावीला 'जागतिक महायुद्धे आणि भारत' असा चांगला धडा आहे. तो वाचणार कोण? इतिहास घेणारी कला शाखेची मुलं. तुमची मुलगी विज्ञानाला गेली तर ती संधीही गेली. म्हणजे पोरीचा दोष फारसा नाही.

खरी गोम वेगळी आहे. आठवीत तिनं स्वातंत्र्यलढा शिकलाय. ८ ऑगस्ट १९४२, गवालिया टँक, 'करेंगे या मरेंगे' हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण गांधीजींनी १९४२चाच ऑगस्ट का धरला, हे विचारून बघा. आता नुसत्या तारखा ओळीनं लावा. फेब्रुवारीत सिंगापूर पडलं आणि हजारो हिंदी सैनिक जपान्यांच्या हाती सापडले. मार्चमध्ये रंगून पडलं. त्याच महिन्यात ब्रिटिश सरकारचे मंत्री क्रिप्स साहेब घाईघाईनं दिल्लीत आले. एप्रिलमध्ये विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले. ऑगस्टमध्ये 'चले जाव'. जपान दाराशी आल्यामुळे ही धावपळ होती. सिंगापूरला सापडलेल्या त्याच सैनिकांतून आझाद हिंद सेना उभी राहिली, १९४३मध्ये नेताजींनी तिची सूत्रं घेतली आणि १९४४मध्ये इंफाळच्या आघाडीवर दोन्ही बाजूंनी आपलीच माणसं समोरासमोर आली. मुलांना यातलं बरंचसं सुटंसुटं माहीत असतं. एक मणी स्वातंत्र्यलढ्याच्या डब्यात, दुसरा महायुद्धाच्या डब्यात, आणि दोरा कुणी दिलेलाच नाही.

"आपला काय संबंध" याचंही तेच. ३ सप्टेंबर १९३९ला व्हाइसरॉय लिनलिथगोंनी इथल्या एकाही पुढाऱ्याला न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. पुढे सैन्य २५ लाखांच्या आसपास गेलं, त्यातले सुमारे ८७ हजार परत आले नाहीत. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात किती लाख गेले त्याचे अंदाज तीसपर्यंत जातात. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, ते इटलीतल्या लढाईत. घाडगे तर तिथंच पडले. हे सांगितलं की वर्गात हमखास एक जण म्हणायचा, "इटलीत? आपली माणसं? कशाला ओ सर?" मला तो "कशाला" फार आवडायचा. त्या दिवशी धडा पुढे सरकायचा नाही, पण तास कारणी लागायचा.

आता तुम्ही कोल्हापूरकर म्हणून एक सोपी वाट सांगतो. लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला गेला असालच. ते गांधीनगर वसलंय वळिवड्याच्या छावणीच्या जागेवर. १९४३ ते १९४८ तिथं सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना, चर्च, नाटकं, स्काउट सगळं होतं. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे, रोज सकाळी शेकडो लोक त्याच्यावरून फिरायला जातात. तिकडे वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान तिथं गेले तेव्हा ते टीव्हीवर दिसलं आणि आमच्या गल्लीत दोन दिवस चर्चा झाली.

इथं माझी एक चूक कबूल करतो. पहिली कितीतरी वर्षं मी वर्गात सांगायचो की हिटलरच्या छळातून पळालेले ज्यू आपल्याकडे आले आणि कोल्हापूरनं त्यांना आसरा दिला. मुलांना अभिमान वाटायचा, मलाही बरं वाटायचं. एका वर्षी नववीतली एक मुलगी उभी राहिली. तिची आजी गांधीनगरची. म्हणाली, "सर, ज्यू होते तर मग तिथं चर्च कशाला होतं?" मी काहीतरी थातूरमातूर सांगून तिला खाली बसवलं. घरी आलो आणि जेवण गेलं नाही.

मग शोधलं, तेव्हा कळलं की ही बहुतेक कॅथलिक माणसं होती आणि त्यांना घराबाहेर काढलं होतं हिटलरनं नव्हे, स्टालिननं. १ सप्टेंबर १९३९ला जर्मनी पोलंडमध्ये पश्चिमेकडून घुसला, एवढं सगळे शिकवतात. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा घुसल्या, हे आमच्या फळ्यावर कधी आलंच नव्हतं. ऑगस्टमध्येच दोघांनी आपसात वाटणी ठरवली होती. पूर्व पोलंडमधली कुटुंबं १९४० आणि ४१मध्ये मालगाड्यांत कोंबून सायबेरियात, कझाकस्तानात धाडली गेली. जून १९४१मध्ये हिटलर स्टालिनवरच उलटला आणि मग स्टालिनला पोलिश सैनिकांची गरज पडली, म्हणून यांची सुटका. १९४२मध्ये कॅस्पियन ओलांडून इराण, तिथून कुणी आफ्रिकेत, कुणी न्यूझीलंडला, कुणी मेक्सिकोला, आणि काही कराचीमार्गे वळिवड्याला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात आधी माफी मागितली, मग हे सगळं सांगितलं. वर्गाची फार पंचाईत झाली. कारण मुलांच्या डोक्यात महायुद्ध म्हणजे सिनेमा: एक व्हिलन, बाकी हिरो. स्टालिन तर जिंकणाऱ्या बाजूचा! "मग सर, तो चांगला का वाईट?" शेवटची घंटा झाली तरी वाद चालू होता.

आणि युद्ध संपल्यावर ते घरी का गेले नाहीत, हा प्रश्न आपसूक आला. घर ज्या भागात होतं तो भागच सोव्हिएत संघात गेला होता. जिथं परतायचं ते गाव आता दुसऱ्या देशात. म्हणून मग इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा. आणि त्या रिकाम्या बराकींत कोण आलं? फाळणीत सिंध सुटलेली सिंधी कुटुंबं. त्या मुलीची आजी त्यातलीच. हे ती वर्गात बोलली नाही, तास संपल्यावर मला सांगून गेली.

जाता जाता, कोल्हापूरच्या छत्रपतींनी या पोलिश लोकांना स्वतः बोलावून घेतलं वगैरे गोष्टी गावात ऐकू येतात. राजाराम महाराज १९४०मध्येच वारले होते, गादीवरचे बाळराजे लहान, कारभार रीजन्सीचा, म्हणजे राजा लहान म्हणून त्याच्या वतीनं दुसऱ्यांनी चालवलेला. जागा कोल्हापूरची आणि इथल्या लोकांनी त्यांना आपलं मानलं, एवढं पुरेसं आहे. त्याला कल्हई कशाला?

आणखी एक. नववी-दहावीच्या मुलांत, विशेषतः पोरांत, "हिटलर लई डेंजर माणूस होता सर, शिस्त म्हणजे शिस्त" असं कौतुक हल्ली फार ऐकू येतं. मोबाइलवरचे व्हिडिओ आणि फुटपाथवर मिळणारं त्याचं आत्मचरित्र, दोन्हीकडून ते येतं. रागावून उपयोग होत नाही. मी एकच आकडा फळ्यावर लिहायचो: साठ लाख ज्यू मारले. मग सांगायचो, आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची सगळी लोकसंख्या मोजा, तरी तेवढी भरत नाही. त्यानंतर शिस्तीचं कौतुक करायला सहसा कुणाचा हात वर व्हायचा नाही.

मुलीबरोबर करायचंच असेल तर एक रविवार काढा. सकाळी महावीर उद्यान, तिथून गांधीनगर. घरी आल्यावर जगाचा कागदी नकाशा पसरा आणि पूर्व पोलंड ते वळिवडे हा रस्ता तिलाच पेन्सिलीनं काढू द्या. कॅस्पियनपर्यंत पोचेस्तोवर निम्मं महायुद्ध तिनं स्वतःच विचारलेलं असेल. तुमच्या सासूबाई रेशनच्या दुकानाला अजून 'कंट्रोल' म्हणत असतील, तर हा शब्द कुठून आला ते त्यांना विचारायला लावा. धान्यावर कंट्रोल बसला तो याच युद्धात. शिरोळ तालुक्यात कुणी पाहुणे असतील तर सैनिक टाकळीला जाऊन या. गावाच्या नावातच सैनिक का आला, ते तिथली म्हातारी माणसं माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. घराण्यात कुणी पलटणीत होतं का, हेही बघा. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधता येतं, दुसऱ्या महायुद्धातल्या बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही असतं. फक्त स्पेलिंग साहेबाच्या कानाला ऐकू आलं तसं आहे, तेव्हा जाधव चार तऱ्हांनी शोधा.

तारखा पाठ करून घेऊ नका. धड्याला लागतील तेवढ्या ती परीक्षेच्या आदल्या रात्री करेलच, आपणही तेच केलं.

राहिली शिकवणी. ती गणिताला लावा.