तोट्यात घर विकले, तरी मन हलके का झाले?

एका वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात:

"ताई, सप्रेम नमस्कार. निवृत्तीनंतर राहायला जायचे म्हणून माझ्या पतींनी दुसऱ्या गावी एक घर घेतले होते. पुढे नोकऱ्या बदलल्या, मुलांची शिक्षणे इकडेच झाली आणि त्या घरात आम्ही कधी सलग आठवडाभरही राहिलो नाही. कधी भाडेकरू, कधी गळती, कधी नुसतेच कुलूप. बरीच वर्षे ते विकायला काढलेले होते, पण घेतलेल्या किमतीखाली उतरायला हे तयार नव्हते. अखेर माझ्या आग्रहामुळे गेल्या महिन्यात ते तोट्यात विकले. सह्या करून परतलो त्या रात्री मला कित्येक वर्षांनी गाढ झोप लागली. हे मात्र गप्प आहेत. रात्री संगणकावर त्या घराच्या हिशेबाचा तक्ता उघडून बसतात, त्या भागातल्या घरांच्या जाहिराती चाळतात, आणि 'हा तोटा भरून काढला पाहिजे' म्हणून कुठल्याशा मोठ्या परताव्याच्या योजनेची चौकशी करत आहेत. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, 'घर विकून कोणी इतके खूश होते का? आणखी थोडे थांबला असतात तर काय बिघडले असते?' मला खरोखरच आनंद झाला आहे आणि त्या आनंदाचीच लाज वाटते आहे. माझे काही चुकते आहे का?"

सप्रेम नमस्कार.

तुमचे काहीही चुकलेले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचे वाचताना ते तुमच्या मनात पक्के असावे.

तुमच्या मूळ पत्रातला एक तपशील मी वरच्या सारांशात घेतला नाही, तो इथे घेते. तुम्ही लिहिले आहे की इथे रात्री जोराचा पाऊस सुरू झाला की तुम्ही उठून खिडकीशी जात असा आणि तुमच्या मनात मात्र त्या दुसऱ्या घराच्या गच्चीचा विचार चाललेला असे. तिथे पाऊस आहे की नाही हेही तुम्हाला ठाऊक नसे. अनोळखी क्रमांकावरून फोन आला की शेजाऱ्यांच्या भिंतीला ओल आली असेल, नाहीतर भाडेकरूने काही कुरबूर काढली असेल, या धास्तीने पोटात गोळा येत असे. ज्या घरात तुम्ही राहत नव्हता, ते घर इतकी वर्षे तुमच्या घरात राहत होते. सह्या झाल्या त्या दिवशी ही धास्ती संपली, आणि झोप लागली ती त्यामुळे. पैशांची बेफिकिरी म्हणून या झोपेकडे पाहू नका. इतकी वर्षे तुम्ही काय सोसत होता, ते तुमच्या शरीरानेच तुम्हाला त्या रात्री सांगितले.

केट स्वीनी आणि कॅथलीन व्होस या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१२ साली सुटकेच्या भावनेचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एक, थोडक्यात वाचलो ही भावना. दुसरी, नकोसे, कष्टाचे काम एकदाचे हातावेगळे झाले ही भावना. पहिल्या प्रकारात माणूस 'असे झाले असते तर' या विचारात पुन्हा पुन्हा अडकतो. दुसऱ्या प्रकारात हे जर-तर कमी असते. तुमची सुटका या दुसऱ्या जातीची आहे. तुमच्या पत्रात 'थांबलो असतो तर' हे वाक्य येते तेही जाऊबाईंच्या तोंडून, तुमच्या नव्हे. तुमच्या दृष्टीने एक काम पुरे झाले आहे. तुमच्या पतींच्या दृष्टीने ते अजून झालेले नाही, आणि मला खरी चिंता आहे ती त्यांची.

त्यांच्याकडे वळण्याआधी तोट्याबद्दल स्पष्ट बोलू, कारण लाजेचे मूळ तिथे आहे. तोटा सह्या केल्या त्या दिवशी झाला, अशी सगळ्यांची समजूत दिसते. वास्तविक तो त्याआधी कित्येक वर्षे होत आला होता. सह्यांच्या दिवशी तो कागदावर आला आणि वाढायचा थांबला. समजा, घर १०० ला घेतले आणि ८० ला विकले. गेलेले २० भरून यायचे तर ८० च्या किमतीत २० टक्के वाढ पुरत नाही, २५ टक्के लागते. वर्षाला ४ टक्क्यांनी भाव वाढत गेले, असे धरले तरी १०० चा आकडा पुन्हा दिसायला जवळजवळ सहा वर्षे जातात. तेवढ्या काळात देखभाल, कर, विमा, दुरुस्ती यांवर वर्षाला ३ खर्च झाले, तर सहा वर्षांत १८ बाहेर जातात. म्हणजे १०० ला घर विकूनही हातात खऱ्या अर्थाने ८२ उरतात. उलट आज मिळालेले ८० त्याच ४ टक्क्यांनी नुसते ठेवले, तर सहा वर्षांनी त्यांचे १०१ होतात. घर भाड्याने जात असते तर उत्पन्नाची बाजू यात धरावी लागली असती, हे खरे; पण तुमचे घर बहुतेक काळ बंदच होते, आणि भाडेकरू असताना आलेले भाडे दुरुस्तीतच गेले, असे तुम्हीच लिहिले आहे. 'थोडे थांबला असतात तर' म्हणणाऱ्या माणसाला या थांबण्याचा खर्च दिसत नाही, कारण तो एकरकमी जात नाही, दर महिन्याला थोडाथोडा जातो.

आता तुमच्या पतींविषयी. घेतलेल्या किमतीखाली ते उतरत नव्हते, याचा राग तुमच्या पत्रात ठिकठिकाणी जाणवतो. तुमच्या जागी मी असते तर मलाही आला असता. पण हा हट्ट त्यांच्या एकट्याच्या स्वभावाचा दोष मानू नका. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात बॉस्टन शहराच्या मध्यवर्ती भागातील सदनिकांच्या विक्रीचा अभ्यास केला आणि तो २००१ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना तोट्यात विकावे लागणार होते, अशा मालकांनी खरेदीची किंमत आणि आता अपेक्षित असलेली किंमत यांच्यातील तफावतीच्या २५ ते ३५ टक्के इतकी भर आपल्या मागणीत घातली होती. प्रत्यक्ष हाती आली ती त्या तफावतीच्या ३ ते १८ टक्केच, आणि त्यासाठी त्यांची घरे इतरांपेक्षा पुष्कळ जास्त काळ विक्रीवाचून पडून राहिली. आपण काय किमतीला घेतले होते, याच्याशी येणाऱ्या गिऱ्हाइकाला काहीच देणेघेणे नसते. पण मालकाच्या मनात तोच आकडा घट्ट बसलेला असतो. शहाणीसुरती, हिशेबी माणसेसुद्धा असेच वागतात, आणि तुमचे पती त्याला अपवाद ठरले नाहीत, इतकेच.

शिवाय, ते घर त्यांनी निवडले होते. तुमच्या पत्रात हे वाक्य एकदाच आले आहे, पण माझ्या मते सगळ्या गुंत्याची गाठ तिथे आहे. तुमच्यासाठी ते घर म्हणजे एक कटकट होती. त्यांच्यासाठी तो नोकरी संपल्यानंतरच्या आयुष्याचा आराखडा होता, आणि तो आपल्या हातून चुकला ही बोचणी ते तुम्हाला सांगू शकत नाहीत, कारण घर विकण्याचा आग्रह तुमचा होता. अशा वेळी तुमचा मोकळा चेहरा पाहून त्यांना तुमचा आनंद दिसत नाही, स्वतःवरचा ठपका दिसतो. रात्री तक्ता उघडून ते पैसे मोजत असतील, असे मला वाटत नाही. आपण नेमके कुठे चुकलो, ती ओळ ते शोधत असावेत.

म्हणून तुमचा आनंद लपवू नका, पण 'मी केव्हापासून सांगत होते' हे वाक्य मात्र या घराच्या संदर्भात पुन्हा कधीही उच्चारू नका. ते कितीही खरे असले, तरी आता त्याने काहीच साधणार नाही. त्याऐवजी एखाद्या निवांत संध्याकाळी, तक्ता उघडण्याच्या वेळेआधी, त्यांच्याशेजारी बसा आणि त्यांनी हे घर का घेतले होते, तेव्हा त्यांच्या मनात काय होते, ते विचारा. त्यांना बोलू द्या. मध्येच हिशेब दुरुस्त करू नका. त्यानंतर आपल्याला काय वाटते ते सरळ सांगा: 'घर घेताना तुम्ही आपल्या दोघांचा विचार केला होता, हे मला ठाऊक आहे. ते गेल्याचे तुम्हाला वाईट वाटते, तेही कळते. मला मात्र रात्री झोप लागते आहे, आणि ती तुमच्यापासून लपवायची माझी इच्छा नाही.' एका घटनेबद्दल एकाच घरात दोन माणसांच्या दोन भावना असू शकतात. दोघांनी एकाच वेळी दुःखी असले पाहिजे, असा हट्ट धरला की बहुधा एकाला खोटे वागावे लागते.

जाहिराती पाहण्याच्या सवयीबद्दल एवढेच सांगेन की जाहिरातीत छापलेला आकडा ही विकणाऱ्याची इच्छा असते. व्यवहार कितीला झाला, हे त्यातून कळत नाही. तुमच्या स्वतःच्या घराची जाहिरातही वर्षानुवर्षे अशाच एका आकड्यासह झळकत होती आणि त्या आकड्याला कोणी फिरकले नव्हते. हे त्यांना एकदाच, प्रेमाने लक्षात आणून द्या, आणि नंतर त्या विषयात पडू नका.

योजनेच्या बाबतीत मात्र माझा सूर एवढा मवाळ नाही. तुमच्या पत्रातली सर्वांत धोक्याची ओळ तीच आहे. रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन यांनी १९९० साली दाखवून दिले की नुकतेच नुकसान सोसलेल्या माणसांना, ज्यात सगळी भरपाई एका फटक्यात होण्याची आशा असते असा डाव विशेष आकर्षक वाटतो. एरवी ज्या योजनेकडे तुमच्या पतींनी ढुंकूनही पाहिले नसते, ती आज त्यांना वाजवी वाटते, याचे कारण त्या योजनेत नाही. ते या २० च्या खड्ड्यात आहे. मोठ्या परताव्याचे आश्वासन देणारी माणसेही नेमक्या अशाच मनःस्थितीतल्या गिऱ्हाइकाची वाट पाहत असतात. घराच्या व्यवहारात जे गेले ते मोजून गेले. या दुसऱ्या व्यवहारात किती जाईल, याचा अंदाजही करता येणार नाही.

इथे भांडण करून उपयोग नाही, कारण 'तू आधी घर विकायला लावलेस आणि आता हेही करू देत नाहीस' असे उत्तर येईल. त्याऐवजी दोघांनी मिळून एक मुदत ठरवा. वर्षभर ही रक्कम बँकेत, सहज काढता येईल पण एकट्याच्या सहीने काढता येणार नाही, अशा रीतीने राहू द्यावी. काही कर्ज शिल्लक असेल, तर ते मात्र आधी फेडून टाकावे. चालू व्याज वाचणे हा परतावा कोणत्याही आश्वासनापेक्षा खात्रीचा असतो. मुदत संपल्यावर ती योजना त्यांना तितकीच चांगली वाटली, तर तिचे कागद तुमच्या ओळखीच्या नसलेल्या, तिच्यातून दलाली न मिळणाऱ्या जाणकाराला दाखवावेत आणि मग ठरवावे. वर्षभर थांबले तर संधी हातची जाईल, असे योजना विकणारा सांगू लागला, तर तिच्याविषयी तुम्हाला हवी होती ती माहिती मिळाली, असे समजा.

याच सुमारास विक्रीचे सगळे कागद एका जागी लावून घ्या: मूळ खरेदीचे, दुरुस्तीच्या मोठ्या खर्चाच्या पावत्या, कर्ज फेडल्याचा दाखला. अनेक देशांतल्या करकायद्यांत मालमत्तेवरचा असा तोटा काही अटींवर इतर मालमत्तेच्या नफ्यातून वजा करता येतो. अटी ठिकठिकाणी वेगळ्या असतात आणि मुदती काटेकोर असतात, त्यामुळे तुमच्या करसल्लागारांना हे लगेच विचारा. हे काम पतींकडे सोपवा, असे मी सुचवेन. तक्ता त्यांच्याकडे तयार आहेच. रात्रीच्या त्या बैठकीला काही उपयोगाचे काम मिळेल आणि 'तोटा भरून काढण्याची' त्यांची निकडही थोड्या प्रमाणात, सरळ मार्गाने, भागेल.

जाऊबाईंना उत्तर देणे तुमच्यावर बंधनकारक नाही. पुन्हा विषय निघालाच, तर 'आम्ही दोघांनी विचार करून निर्णय घेतला' एवढे पुरे. त्यातला 'दोघांनी' हा शब्द पतींच्या कानावर पडेल, असे बघा.

त्यांचे गप्प राहणे आणखी काही आठवड्यांत ओसरू लागले नाही, झोप किंवा जेवण कमी झाले, किंवा इतर कशातच त्यांचे मन लागेनासे झाले, तर तो विषय घराचा राहिलेला नाही असे समजून डॉक्टरांचा किंवा समुपदेशकाचा सल्ला घ्या, आणि त्यात संकोच करू नका. तोपर्यंत तुम्ही निश्चिंतपणे झोपा. घर त्यांनी का घेतले होते, याचे त्यांनी जे उत्तर दिले, ते मला कळवावेसे वाटले तर जरूर लिहा.

तुमची,
ताई