तार की पारदर्शक अलाइनर?

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची असून अकरावी आणि ‘नीट’च्या तयारीसाठी लातूरला वसतिगृहात राहते. तिच्या समोरच्या दातांत दाटी आहे आणि वरचा उजवा सुळा रांगेबाहेर, हिरडीत उंचावर आला आहे. डॉक्टरांनी चार उपदाढा (सुळा आणि दाढा यांच्यामधले दात) काढून धातूची तार बसवण्याचा सल्ला दिला; तिला मात्र न दिसणारे अलाइनर (दातांवर चढवायची पारदर्शक प्लास्टिकची आवरणे) हवे आहेत. एका कंपनीचा माणूस घरी येऊन दातांचे माप घेऊन जाईल, असेही कळले. चांगले दात काढायला आमचे मन धजत नाही. काय करावे?
– एक वाचक भगिनी, सेलू (जि. परभणी)

उत्तर : ताई, दात काढण्याविषयी आधी लिहितो, कारण तार की अलाइनर हा प्रश्न त्यानंतरचा आहे. जबड्यातली जागा आणि दातांची एकूण रुंदी यांचा हिशेब जुळला नाही की दाटी होते. जागा दोन-तीन मिलिमीटरच कमी असेल, तर दातांमधले एनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण आवरण, किंचित घासूनही भागते. पण सुळ्याला रांगेत जागाच उरली नसेल, तर साधारण सात मिलिमीटर रुंदीची उपदाढ काढावी लागते, नाहीतर समोरचे दात ओठांकडे ढकलले जातात. म्हणून पूर्ण जबड्याचा आणि बाजूने काढलेला डोक्याचा, असे दोन्ही एक्स-रे व दातांचा साचा समोर ठेवून, जागा नेमकी किती कमी पडते, हे डॉक्टरांना विचारा. तो आकडा कळला की निर्णय घेणे सोपे जाईल.

आता साधनाविषयी. दाताच्या मुळाभोवती तंतूंचे पातळ अस्तर असते. त्यावर हलका दाब सतत राहिला की दाबाच्या बाजूचे हाड विरते, मागे नवे हाड भरते आणि दात महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर सरकतो. हे काम तारही करते आणि अलाइनरही. फरक आहे तो पकडीचा. तार ज्यात अडकवतात ते ब्रॅकेट दाताला चिकटवलेले असल्यामुळे तारेने मुळाची दिशाही बदलता येते. अलाइनर दातांवर टोपीसारखा बसतो, त्यामुळे उंच सुळा खाली ओढणे किंवा काढलेल्या दाताच्या जागेत शेजारचा दात कलू न देता सरकवणे त्याला जड जाते. दातांवर छोटे उंचवटे चिकटवून ही उणीव काही प्रमाणात भरून काढतात. तरीही आपल्या मुलीसाठी मी तारच निवडेन.

दुसरे कारण वसतिगृहाचे आहे. अलाइनर दिवसातून २० ते २२ तास तोंडात असावा लागतो आणि पाण्याखेरीज काहीही खाता-पिताना तो काढून, दात घासूनच पुन्हा लावावा लागतो. मेसचे जेवण, दोन वेळचा चहा आणि शिकवणीची धावपळ यांत हे वर्षभर पाळणे फार कठीण आहे, आणि तास कमी पडले की दात आराखड्याच्या मागे राहतात. तारेचा त्रास वेगळा असतो : ऊस दातांनी सोलणे, फुटाणे फोडणे बंद होते आणि कडक भाकरी वरणात कुस्करून खावी लागते.

सोळाव्या वर्षी तार दिसण्याचा संकोच मोठा असतो, तो मनावर घ्या. वरच्या समोरच्या दातांना दातांच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट बसवता येतात. ते महाग आणि ठिसूळ असतात. खाली मात्र धातूचेच असावेत, कारण कठीण सिरॅमिकवर घासून वरच्या दातांचे एनॅमल झिजू शकते. दातांच्या आतल्या बाजूने बसणारी तारही असते, पण ती जिभेला टोचते आणि तिचा खर्चही बराच असतो.

घरी येऊन माप नेणाऱ्यांना मात्र स्पष्ट नकार द्या. ज्याने हिरड्या तपासल्या नाहीत आणि एक्स-रे पाहिला नाही, त्याच्या आराखड्यावर हाडातले दात हलवू देऊ नयेत.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. किनवटसारख्या भागात बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे लहानपणीच दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग पडतात. अशा एनॅमलवर ब्रॅकेट लवकर सुटते आणि अलाइनरचे उंचवटेही टिकत नाहीत. मुलीच्या दातांवर डाग असतील, तर चिकटवण्याआधी वेगळी तयारी लागेल का, हे विचारून घ्या.

दर चार ते सहा आठवड्यांनी तपासणी असते, म्हणून ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करणारा दंततज्ज्ञ, लातूरचाच निवडा. उपचाराला दीड ते दोन वर्षे लागतात. आता सुरू केल्यास बारावीनंतर ती दुसऱ्या गावी जाण्याच्या सुमारास ते संपत येतील.

प्रश्न : मी ४२ वर्षांचा शिक्षक आहे. महाविद्यालयात असताना तार लावली होती. आता समोर पुन्हा फट पडली आहे. या वयात अलाइनर चालतील का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : चालतील, आणि लहान फटीसाठी ते सोयीचेही आहेत, मात्र त्याआधी हिरड्या आणि रक्तातली साखर तपासून घ्या. हिरड्यांच्या विकाराने हाड खचून फट पडली असेल, तर आधी हिरड्यांचे उपचार करावे लागतात. बहुधा आपला रिटेनर, म्हणजे सरकवलेले दात जागेवर धरून ठेवणारे साधन, त्या वेळी लवकर सुटला असावा. आता फट मिटली की रात्री झोपताना रिटेनर लावणे कायम ठेवा, किंवा दातांच्या मागे बारीक तार चिकटवून घ्या.