राजाला रिंगमध्ये उतरवायचं, पण खर्च कोणाचा?

प्रश्न: आमचा लॅब्रडॉर, राजा, चौदा महिन्यांचा आहे. घरी पाळायला म्हणूनच घेतला होता. मागच्या महिन्यात आमच्या ब्रीडर त्याला बघायला आल्या आणि म्हणाल्या, "हा चॅम्पियन होईल, वर्षभर मला डॉग शोमध्ये दाखवू द्या." हँडलर, म्हणजे शोच्या रिंगमध्ये कुत्र्याला जजसमोर नेणारा माणूस, त्या ठरवणार, खर्च निम्मा-निम्मा आणि नोंदणीच्या कागदावर सहमालक म्हणून त्यांचं नाव. पुढे मेटिंगच्या फीतून, म्हणजे पैदाशीसाठी नर देण्याच्या मोबदल्यातून, सगळं वसूल होईल, असं त्या सांगतात. आमच्याकडे अडीअडचणीसाठी दोन महिन्यांच्या घरखर्चाएवढे पैसे आहेत आणि घराच्या डाउन पेमेंटसाठी बचत चालू आहे. हो म्हणावं का?

आधी उत्तर सांगते, मग कारणं. या अटींवर हो म्हणू नका. अटी बदलत असतील तर मात्र जरूर विचार करा. ब्रीडरने स्वतःहून विचारलं, यात तुमच्या सांभाळाचंही कौतुक आहे. अंगाने भरलेला, चालीला मोकळा, परक्या माणसाला न बुजणारा कुत्रा आपोआप तयार होत नाही.

माझं मन अडतं ते 'निम्मा-निम्मा' या शब्दावर. खर्च निम्मा, पण फायदा निम्मा आहे का? राजाचं नोंदणीपत्र काढून त्यावरचं पूर्ण नाव वाचा. त्यात बहुधा ब्रीडरच्या केनेलचं नाव जोडलेलं असेल. शोच्या कॅटलॉगमध्येही कुत्र्याच्या माहितीत ब्रीडरचं नाव छापलं जातं. राजा जिंकला की ते नाव गाजतं, त्याच्या आईबापांच्या पुढच्या पिल्लांना मागणी येते, त्यांचा भाव चढतो. ही त्यांच्या कामाची जाहिरात आहे आणि ती करण्यात काहीच गैर नाही. पण जिचा व्यवसाय, तिनेच जाहिरातीचा खर्च करावा. तुमच्या हाती फीत, चषक आणि फोटो येतील. रोख बक्षीस बहुतेक शोमध्ये नसतं, असलंच तर नाममात्र असतं.

दुसरं, तुम्हाला एक प्रश्न विचारला गेलाय असं वाटतंय, पण खरे प्रश्न दोन आहेत. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला १८५९ साली पॉइंटर आणि सेटर जातींचा शो भरला, तेव्हापासून या प्रदर्शनांचा हेतू पैदाशीसाठी चांगलं जनावर निवडण्याचा आहे. जज जातीचं लिखित मानक समोर ठेवून कुत्रा तपासतो. म्हणूनच नसबंदी केलेल्या कुत्र्याला अशा रिंगमध्ये सहसा प्रवेश नसतो. 'दाखवू द्या' याच्या पोटात 'नसबंदी करू नका आणि पुढे मेटिंगला द्या' हेही आलं. सहमालकीची मागणी त्यासाठीच आहे, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते.

माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या एका कुटुंबाने असाच कागद केला होता. त्यात सहमालकी कधी संपणार हे लिहिलेलं नव्हतं. शो संपले, ब्रीडरशी बोलणंही संपलं, पण पुढे कुत्र्याची नसबंदी करायची वेळ आली तेव्हा करारानुसार दुसऱ्या मालकाची संमती लागत होती आणि ती मिळेना. दवाखान्याची बिलं मात्र तेवढी वर्षं एकाच घरातून भरली गेली. कागदावर नाव आलं की निर्णयाचा हक्क येतो. लसी, औषधं आणि म्हातारपण वाटून घेण्याची जबाबदारी आपोआप येत नाही, ती लिहून घ्यावी लागते.

आता 'वर्षभर' या शब्दाकडे वळू. अमेरिकन केनेल क्लबच्या नियमांत चॅम्पियन होण्यासाठी १५ गुण लागतात, निदान तीन वेगवेगळ्या जजांकडून, आणि त्यात दोन मोठे विजय लागतात, म्हणजे एकाच शोमध्ये तीन ते पाच गुण देणारे. गुण किती मिळणार हे किती कुत्रे हरवले यावर ठरतं. ब्रिटनमध्ये तीन वेगवेगळ्या जजांकडून तीन चॅलेंज सर्टिफिकेटं लागतात, आणि एका शोमध्ये एका जातीच्या नरांना मिळून असं एकच सर्टिफिकेट असतं. तुमच्या इथले नियम वेगळे असतील, पण घडण अशीच असते. किताब एका दिवसात मिळत नाही, आणि लॅब्रडॉरसारख्या लोकप्रिय जातीत स्पर्धा दाट असते. शिवाय लॅब्रडॉर नर पुरता भरायला दोन-तीन वर्षं लागतात. आज राजा शोमधल्या पुढच्या, मोठ्या कुत्र्यांच्या वर्गात गेला तर त्याच्या शेजारी पुरे भरलेले नर उभे असतील. वर्षाची दोन वर्षं सहज होतील, आणि निम्मा खर्चही दुप्पट होईल.

खर्च म्हणजे नुसती प्रवेश फी नव्हे. हँडलरची दर शोची फी, त्याच्या प्रवासातला आणि मुक्कामातला तुमचा वाटा, कुत्रा त्याच्याकडे राहणार असेल तर राहण्या-खाण्याचं भाडं, लसी, तपासण्या, शिवाय जिंकल्यावर अनेक हँडलर वेगळा बोनस घेतात. लॅब्रडॉरच्या आखूड केसांमुळे ग्रूमिंगचा खर्च कमी, एवढी एक बाजू तुमची. ब्रीडरना एका शोचा सरासरी खर्च लेखी विचारा, वीस शो धरून त्याला वीसने गुणा आणि आकडा तुमच्या घरखर्चाच्या महिन्यांत मांडा. दोन महिन्यांच्या शिल्लकीतून त्यातला एक रुपयाही जाता कामा नये. नोकरीला धक्का बसला किंवा राजालाच शस्त्रक्रिया लागली, तर ते पैसे त्याच दिवशी हवे असतील. मी तर म्हणेन, ती शिल्लक आधी सहा महिन्यांच्या खर्चाएवढी करा.

राहिली मेटिंगची फी. त्याआधी नितंब आणि कोपराच्या सांध्यांचे एक्स-रे, डोळ्यांची तपासणी, ब्रुसेलाची चाचणी हे सगळं करावं लागेल. ब्रुसेला मेटिंगमधून पसरतो, त्याने कुत्र्याची प्रजननक्षमता जाऊ शकते आणि तो माणसालाही होऊ शकतो. इतकं करूनही मादीचे मालक नावाजलेल्या, आधीची पिल्लं चांगली निघालेल्या नराकडेच जातात. समजा राजाला किताब मिळण्याची शक्यता निम्मी धरली आणि किताब मिळालेल्या चार नरांपैकी एकालाच नियमित मागणी येते असं मानलं, तर वसुलीची शक्यता आठात एक उरते. हे आकडे मी उदाहरणाला घेतलेत. खरे आकडे ब्रीडरकडे आहेत. पाळायला म्हणून दिलेल्या त्यांच्या किती नरांना पुढे किताब मिळाला आणि त्यातल्या किती घरांना मेटिंगची फी प्रत्यक्ष मिळाली, एवढंच विचारा.

नसबंदी लांबवण्याचं म्हणाल तर नराच्या बाबतीत घाई नाही. लॅब्रडॉरची नसबंदी फार लहान वयात केली तर सांध्यांच्या तक्रारी वाढतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. हेच पत्र मादीसाठी आलं असतं तर माझा सूर जास्त कडक असता. नसबंदी न केलेल्या माद्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शाला दहा वर्षांच्या आत गर्भाशयात पू होण्याचा आजार होतो, असं स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदींत आढळलं. तो जीवघेणा असतो आणि बहुतेकदा तातडीची शस्त्रक्रिया लागते.

विम्याची कागदपत्रं आजच बघा. राजा हँडलरच्या गाडीत असताना काही झालं, त्याने कोणाला चावा घेतला किंवा तो हरवला, तर भरपाई कोण देणार? बऱ्याच पॉलिसी पैदाशीतून होणारा खर्च देत नाहीत, आणि कुत्रा दुसऱ्याच्या ताब्यात असताना संरक्षण राहतं का हे कंपनीला विचारूनच कळतं.

ब्रीडरना मी असं लिहिलं असतं: "राजा दाखवायला आमची ना नाही. शोचा सगळा खर्च तुमचा, राजाचा रोजचा सांभाळ आणि दवाखाना आमचा. सहमालकी नको, त्याऐवजी बारा महिन्यांचा लेखी करार करू. त्यात तो सलग किती दिवस बाहेर राहील, आजारी पडला तर कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं आणि आम्ही केव्हाही थांबवू शकतो, हे लिहू. मेटिंग करायचं की नाही ते दर वेळी आम्ही ठरवू, आणि केलं तर फीचा वाटा आधी ठरवू." त्यांचा राजावर खरोखर विश्वास असेल तर या अटी त्यांना जड जाणार नाहीत.

आणि यात पैशाचा संबंध नाही, तरी लिहिते. सही करण्याआधी राजाला घेऊन एखाद्या छोट्या शोला तुम्ही स्वतः जा. जमलं तर रिंगच्या सरावाच्या एक-दोन वर्गांना न्या आणि पट्टा तुम्हीच धरा. गर्दीत, गोंगाटात, अनोळखी माणूस जबडा उघडून दात तपासत असताना त्याची शेपटी हलते की पायांत जाते, ते बघा. शेपटी पायांत गेली तर वरचं काही वाचायची गरज नाही. हलत राहिली आणि तुम्हालाही मजा आली, तर स्वतःच हँडलर होण्याचा विचार करा. हँडलरची फी वाचते, आणि राजा रात्री घरी झोपतो. त्यासाठी दरमहा सहल-सिनेमाला बाजूला काढता त्यातले पैसे खर्चा, डाउन पेमेंटच्या खात्याला हात लावू नका.

ब्रीडरचं उत्तर आलं की मला कळवा. करार पाठवला तर सही करण्याआधी, सहमालकी आणि मुदत यांच्या कलमांखाली रेघ मारून, मला दाखवा.