गुळवेल रोज घ्यावी का?

प्रश्न : डॉक्टर, कोरोनाच्या पहिल्या लाटेपासून आमच्या घरी रोज सकाळी गुळवेलीचा काढा होतो. सासूबाई परसातल्या कडुनिंबावरची वेल तोडून आणतात आणि सगळ्यांना अर्धा-अर्धा कप देतात. मला थायरॉइडची गोळी चालू आहे. अँटिबॉडीची तपासणी पॉझिटिव्ह आली होती. गुळवेलीने यकृताला सूज येते असं वाचलं आणि घाबरले. सासूबाई म्हणतात, 'तिचं नाव अमृता, ती कशी बाधेल?' आयुष मंत्रालयही ती सुरक्षित आहे असंच सांगतं. कोणाचं ऐकू?

उत्तर : तुमच्यापुरतं आधी सांगते. तुम्ही काढा आजच थांबवा आणि एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन या यकृताच्या रक्ततपासण्या करून घ्या. अँटिबॉडी पॉझिटिव्ह आहेत, म्हणजे तुमची प्रतिकारशक्ती तुमच्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटली आहे. तिला आणखी चेव आणणारं काही रोज पोटात जाऊ नये. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली किंवा अन्नावरची वासना गेली, तर तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. आणि थायरॉइडची गोळी काढ्याबरोबर घेत असाल तर तेही चूक. ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबरच घ्यायची.

सासूबाईंचा विश्वास मात्र निराधार नाही, हे मला मनापासून सांगायचं आहे. मी औषधशास्त्र शिकवते, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर केलेलं काम विद्यार्थ्यांपुढे आवर्जून ठेवते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पित्तनलिका तुंबून कावीळ झालेले ३० रुग्ण होते. शस्त्रक्रियेआधी साठलेलं पित्त नळीवाटे काढून टाकतात, तेव्हा जंतुसंसर्गाचं भय मोठं असतं. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी निम्म्या रुग्णांच्या रक्तात संसर्ग पसरला. सोबत गुळवेलही दिली होती, त्यांच्यात एकालाही नाही. २००५ मध्ये ॲलर्जीच्या सर्दीवर ७५ रुग्णांमध्ये आठ आठवड्यांची चाचणी झाली. काहींना गुळवेल, काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. गुळवेलवाल्यांच्या शिंका आणि नाक गळणं बरंच कमी झालं.

रुग्ण थोडे, मुदत थोडी. पण यातून एवढं नक्की कळतं की ही वेल प्रतिकारशक्तीला हात घालते. जे औषध काम करतं ते कुणाला तरी बाधूही शकतं. हे आपण इंजेक्शनबद्दल लगेच मान्य करतो, परसातल्या वेलीबद्दल करत नाही.

२०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे गुळवेल घेणारे सहा रुग्ण यकृताच्या त्रासाने आले. यकृताचं चित्र प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यासारखं होतं. गुळवेल असा आजार निर्माण तरी करत असावी किंवा आत दडलेला उघडा पाडत असावी, असा निष्कर्ष त्यांनी २०२१ मध्ये मांडला. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद केली. गुळवेल सुरू केल्यापासून त्रास दिसेपर्यंत मधला काळ साधारण दीड महिन्याचा होता. कोट्यवधी लोकांनी ही वेल घेतली, त्यामानाने हे रुग्ण थोडे आहेत, हेही खरं. धोका विरळ आहे. पण तो कोणाला गाठेल याचा अंदाज ज्या लोकांबाबत थोडाफार बांधता येतो, त्यांत तुम्ही आहात.

मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला : रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती कशावरून? तिच्या कुळातली टिनोस्पोरा क्रिस्पा असेल. शंका रास्त आहे. पण ऑक्टोबर २०२० मध्ये मंत्रालयानेच कोरोनासाठी जी उपचारपद्धती जाहीर केली, तिच्यात गुडूचीची (म्हणजे गुळवेलीचीच) मात्रा होती आणि मुदत होती पंधरा दिवस किंवा एक महिना. ती मुदत घरोघरी कुणी पाळलीच नाही. वर्षानुवर्षं रोज घेण्याच्या पाठीशी यांपैकी कोणतीच चाचणी उभी नाही.

सासूबाईंना दुखवू नका. त्यांना एवढंच विचारा, की चांगला वैद्य घरातल्या सगळ्यांना एकच औषध एकाच मापाने वर्षानुवर्षं देईल का? संधिवात (आमवाताचा), ल्युपस यांसारखे प्रतिकारशक्तीचे आजार असणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले, यकृताचा जुना त्रास असणारे, यांनी गुळवेल टाळावीच. घरात कुणी मधुमेहाची औषधं घेत असेल तर साखर जास्त उतरू शकते, त्यांच्या डॉक्टरांना काढ्याबद्दल सांगा. गर्भवतींना आणि लहान मुलांना तर देऊच नका.

प्रश्न : खरी गुळवेल ओळखायची कशी? बाजारातलं चूर्ण चालेल का?

उत्तर : आयुष मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिलेल्या खुणा उपयोगी आहेत. खऱ्या गुळवेलीचं खोड हिरवट असतं, त्यावर गाठीसारखे उंचवटे नसतात, तोडल्यावर दुधासारखा चीक येत नाही. फळं गोल आणि लाल. क्रिस्पाचं खोड करडं, खडबडीत फोडांचं, चीक दुधट आणि फळं लांबट नारिंगी. फळं वर्षभर नसतात, तेव्हा खोड पाहणंच भरवशाचं. चूर्णात यातलं काहीच दिसत नाही. घ्यायचंच असेल तर वैद्यांच्या सल्ल्याने, ठरलेल्या मुदतीसाठी, आणि पुडक्यावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक छापलेला असेल तरच. संपलं तरी पुडकं महिना-दोन महिने फेकू नका; काही त्रास झालाच तर डॉक्टरांना तेच दाखवावं लागेल.